टीआरएनएचे तुकडे आणि मेंदूचे आजार: बेळगावात बसून अभ्यास कसा सुरू करावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली बी.एस्सी., एम.एस्सी.ची मुलं प्रकल्पाचा विषय शोधताना मेंदूच्या आजारांकडे वळतात आणि लगेच मागे फिरतात. "सर, त्याला मोठी लॅब लागते की ओ," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. सिक्वेन्सिंगचं (आरएनए-डीएनएची अक्षरं वाचणारं) मशीन, उणे ८० अंशांचा फ्रीझर, मेंदूच्या ऊतीचे नमुने यातलं काहीही टिळकवाडीतल्या एखाद्या पदवी कॉलेजात नसतं, हे खरंच आहे. पण टीआरएनए, म्हणजे प्रथिनं बनवताना अमिनो आम्ल आणून देणारा लहान आरएनए रेणू, याच्या तुकड्यांचा अभ्यास हा असा विषय आहे की त्यातला निम्म्याहून जास्त विचार कागदावर आणि साध्या लॅपटॉपवर होतो, आणि त्याचा कच्चा माल जगभरच्या प्रयोगशाळांनी फुकट खुला करून ठेवलाय. सीमाभागातल्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी, आणि ज्यांना पुढे रुग्णांचे नमुने गोळा करायचे आहेत अशा तरुण डॉक्टरांसाठी मी हे सविस्तर लिहितोय.

सुरुवातीलाच एक प्रश्न मनात पक्का करा, कारण प्रत्येक पायरीवर तो पुन्हा विचारावा लागणार आहे: हा तुकडा नेमका कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो? तो कुणी कापला, तो पेशीत काय करतो, यंत्राला तो दिसला की नाही, आणि आपण तो बरोबर मोजला की नाही, या सगळ्यांची उत्तरं त्याच्या दोन टोकांत आहेत.

आधी एक टीआरएनए हाताने काढा

संगणकाला हात लावण्याआधी पेन्सिल घ्या. जीटीआरएनएडीबी नावाचा कॅलिफोर्निया विद्यापीठाचा खुला डेटाबेस आहे. त्यात मानवी टीआरएनए जीन्सची यादी मिळते. ग्लायसिन या अमिनो आम्लाचा, जीसीसी अँटिकोडॉन (संदेशातली तीन अक्षरं ओळखणारी टीआरएनएची तीन अक्षरं) असलेला टीआरएनए निवडा आणि त्याची सगळी अक्षरं आलेखाच्या वहीवर एका ओळीत लिहा. टीआरएनए साधारण ७६ न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे ७६ अक्षरांचा असतो. डावीकडचं टोक ५ प्राइम, उजवीकडचं ३ प्राइम. आता डी लूप, अँटिकोडॉन लूप आणि टी लूप या तीन वळशांच्या जागा खुणा करून दाखवा. टीआरएनएच्या ठरलेल्या क्रमांकनात अँटिकोडॉनची तीन अक्षरं ३४, ३५ आणि ३६ या क्रमांकांवर येतात, नुसती अक्षरं मोजली तर एखादं घर इकडेतिकडे होऊ शकतं.

उजव्या टोकाला सीसीए ही तीन अक्षरं तुम्हाला स्वतः जोडावी लागतील. माणसाच्या जीनमध्ये ती लिहिलेली नसतात, पेशीतलं एक एन्झाइम ती मागाहून लावतं. हिस्टिडिनच्या टीआरएनएला तर डाव्या टोकालाही एक 'जी' (G) हे अक्षर मागाहून लागतं. या बारीकसारीक गोष्टी वाटतात, पण पुढे संगणकावर तुकडे जुळवताना जीनोममध्ये न सापडणारी अक्षरं आली की विद्यार्थी गोंधळतात. कागदावर काढून पाहिलेला विद्यार्थी गोंधळत नाही.

आता त्याच ओळीवर तुकड्यांच्या जागा रंगवा. अँटिकोडॉन लूपमध्ये काप गेला की दोन अर्ध्या बनतात, प्रत्येकी साधारण ३० ते ४० न्यूक्लिओटाइडच्या. डी लूपच्या आसपास काप गेला की डाव्या टोकाचे छोटे तुकडे मिळतात. टी लूपमध्ये काप गेला की सीसीएवर संपणारे तुकडे मिळतात, बहुधा १८ किंवा २२ लांबीचे. दोन्ही टोकं आतच असलेले मधले तुकडेही असतात. शिवाय टीआरएनए तयार होताना त्याच्या मागे एक शेपटी असते. ती कापली गेली की तिचाही एक वेगळा तुकडा होतो आणि तो परिपक्व टीआरएनएच्या ओळीत सापडतच नाही.

आणखी एक ओळ खाली लिहा: ग्लायसिनचाच, पण सीसीसी अँटिकोडॉनचा टीआरएनए. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून पाहा. डावीकडची जवळजवळ ३० अक्षरं एकसारखी निघतात, फरक अँटिकोडॉनजवळ पोचल्यावर दिसतो. म्हणजे २८ लांबीचा तुकडा हातात आला तर तो कुठल्या टीआरएनएचा हे सांगताच येत नाही, आणि ३५ लांबीचा आला तर येतं. शोधनिबंधांत "जीसीसी-सीसीसी" अशी जोडनावं का दिसतात ते इथं कळतं. व्हॅलिनच्या सीएसी आणि एएसी या जोडीचंही असंच आहे. या सरावाला एक संध्याकाळ लागते. ती वाया जात नाही.

कापणारा कोण, हे टोक सांगतं

टीआरएनए हा प्रथिनं बनवताना अमिनो आम्ल आणून देणारा रेणू, एवढंच बारावीला शिकवलं जातं. अलानिनच्या टीआरएनएची रचना रॉबर्ट हॉली यांनी १९६५ मध्ये उलगडली आणि १९६८ चं नोबेल त्यांना हरगोविंद खुराना आणि मार्शल निरेनबर्ग यांच्यासोबत मिळालं. त्यानंतर बराच काळ टीआरएनएचे तुकडे दिसले की ती मोडतोड समजली जाई.

चित्र बदलायला अँजिओजेनिन हे एन्झाइम मोठं कारण ठरलं. १९८५ मध्ये हार्वर्डमध्ये ते कर्करोगाच्या पेशींच्या द्रवातून वेगळं केलं गेलं ते रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन म्हणून. ते आरएनए कापणाऱ्या कुळातलं आहे. पेशीवर ताण आला, म्हणजे ऑक्सिडेशन वाढलं, उष्णता वाढली, उपासमार झाली, की ते अँटिकोडॉन लूपमध्ये काप घेतं. अशा ताणातून बनलेल्या अर्ध्यांपैकी काही प्रथिननिर्मितीची सुरुवातच थोपवतात. अलानिन आणि सिस्टीनच्या डाव्या अर्ध्यांच्या सुरुवातीला 'जी' (G) या अक्षराची एक रांग असते. ती चार पदरी घडी घालते आणि रायबोसोमला कामाला लावणाऱ्या घटकांना बाजूला सारते. संकटात पेशी खर्च कमी करते, आणि तो निर्णय अमलात आणणाऱ्यांत हे तुकडे आहेत.

एक रासायनिक बाब पाठच करून ठेवा. अँजिओजेनिनने कापलेल्या डाव्या अर्धीच्या उजव्या टोकावर चक्रीय फॉस्फेट उरतं आणि उजव्या अर्धीच्या डाव्या टोकावर फॉस्फेट नसतं, नुसतं हायड्रॉक्सिल असतं. डायसर हे एन्झाइम मायक्रोआरएनए (जनुकांवर ताबा ठेवणारे छोटे आरएनए) कापतं तेव्हा टोकं नेमकी याच्या उलट असतात. याचा परिणाम पुढे डेटा निवडताना बघू.

आजाराशी नातं: पुरावा तीन रकान्यांत मांडा

वहीचं एक पान आडवं धरा आणि तीन रकाने आखा: माणसातला जनुकीय पुरावा, प्राण्यातला किंवा पेशीतला प्रयोग, आणि रुग्णांच्या नमुन्यांतलं मोजमाप. वाचलेला प्रत्येक शोधनिबंध यांपैकी कुठल्या रकान्यात बसतो ते लिहा. हे केलं नाही तर "अमुक तुकडा वाढला" आणि "अमुक तुकड्यामुळे आजार झाला" यांतला फरक पुसला जातो. मी तपासलेल्या प्रकल्पांतला सर्वांत मोठा दोष हाच असतो.

पहिल्या दोन रकान्यांत एकत्र बसणारी सर्वांत स्वच्छ गोष्ट एनसनटू (NSUN2) या जनुकाची. हे जनुक टीआरएनएवर मिथाइल गट लावणारं एन्झाइम बनवतं. २०१२ मध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या कुटुंबांत त्यात बिघाड सापडले. २०१४ मध्ये उंदरांवरच्या कामातून कारणसाखळी दिसली: मिथाइल गट नसला की टीआरएनए अँजिओजेनिनच्या तावडीत सापडतो, डाव्या बाजूचे तुकडे साचतात, आणि मेंदूच्या कॉर्टेक्स, हिप्पोकॅम्पस, स्ट्रायटम या भागांतल्या चेतापेशी लहान होतात व मरतात. अँजिओजेनिनला अडवलं की नुकसान कमी होतं. अशी साखळी हाताला लागणं फार दुर्मीळ असतं.

सीएलपीवन (CLP1) या जनुकाची गोष्ट तिच्या जवळची. २०१३ मध्ये उंदरांत त्याचं काम बंद केल्यावर टायरोसिनच्या अपरिपक्व टीआरएनएचे तुकडे साचले आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी नष्ट होत गेल्या. पुढच्याच वर्षी तुर्कस्तानातल्या अनेक कुटुंबांतल्या मुलांत याच जनुकातला एक बिघाड सापडला. डोकं लहान, हालचालींत अडथळे, फिट येणं, मेंदूची वाढ अपुरी अशी लक्षणं होती.

अँजिओजेनिनच्या स्वतःच्या जनुकातले बदल एएलएस या स्नायू दुबळे करत जाणाऱ्या आजारात २००६ मध्ये नोंदले गेले, आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या रुग्णांत ठळकपणे. इथं मात्र एन्झाइमचं काम कमी पडतं. म्हणजे एनसनटूच्या बाबतीत कापणं जास्त झाल्याने हानी, आणि एएलएसमध्ये कापणं कमी पडल्याने हानी. २०२० मध्ये एएलएसच्या रुग्णांत व्हॅलिन-सीएसीचा डावा तुकडा रक्तात जास्त असलेल्यांचा आजार हळू वाढतो असंही दिसलं. म्हणून तुकडे चांगले की वाईट हा प्रश्नच विचारू नका. कुठला तुकडा, कुठल्या पेशीत, कुठल्या ताणात, असं विचारा.

तिसऱ्या रकान्यातली कामं जास्त आहेत आणि जास्त जपून वाचायची आहेत. अपस्माराच्या रुग्णांवर डब्लिन आणि मारबुर्गच्या गटांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. फिट येण्याआधीच्या आणि नंतरच्या रक्ताची तुलना त्यांनी केली. ग्लुटामेट-सीटीसी, अलानिन-टीजीसी आणि ग्लायसिन-जीसीसी यांचे डावे तुकडे फिट येण्याआधीच्या रक्तात जास्त होते. अपस्माराच्या माणसाला सर्वांत जास्त छळते ती अनिश्चितता. फिट कधी येणार हे आधी कळलं तर शेतात, विहिरीवर, मोटारसायकलवर असलेल्या माणसाचा जीव वाचेल. पण ते निष्कर्ष दवाखान्यात देखरेखीखाली असलेल्या रुग्णांचे आहेत. तिथून घरच्या चाचणीपर्यंतचं अंतर बरंच मोठं आहे.

मेंदूच्या झटक्यानंतर रक्तातले अनेक मायक्रोआरएनए घटतात आणि टीआरएनएचे तुकडे वाढतात, असं जेरुसलेम आणि बर्लिनच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं. झटक्यानंतर प्रतिकारशक्ती दबते आणि न्यूमोनियासारखे संसर्ग होतात, त्याच्याशी याचा संबंध त्यांनी जोडला. हर्मोना सोरेक यांच्या याच जेरुसलेमच्या गटाने अल्झायमरमध्ये मायटोकाँड्रियाच्या टीआरएनएचे काही तुकडे स्त्रियांच्या मेंदूत ठळकपणे घटलेले पाहिले, आणि २०२५ मध्ये पार्किन्सनसाठी (कंपवातासाठी) रक्तातल्या दोन गटांच्या तुकड्यांचं गुणोत्तर मोजणारी चाचणी मांडली. तिच्याकडे शेवटी परत येऊ, कारण घरातल्या माणसांना याच बातम्या फोनवर येतात.

डेटा निवडताना प्रयोगशाळेला विचारायचे प्रश्न

अमेरिकेच्या एनसीबीआय या सरकारी जैवमाहिती केंद्राचा जिओ (GEO) नावाचा संग्रह उघडा. शोधपेटीत आजाराचं इंग्रजी नाव आणि स्मॉल आरएनए सिक्वेन्सिंग असं टाका, माणूस ही प्रजाती निवडा. पार्किन्सन आणि हंटिंग्टन (एक आनुवंशिक मेंदूविकार) यांच्या रुग्णांच्या मेंदूतल्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा (कपाळामागच्या भागाचा) बोस्टन विद्यापीठाच्या गटाचा डेटा तिथं खुला आहे. सुरुवातीला तो चांगला, कारण तो मायक्रोआरएनएसाठी केलेला होता आणि नंतर इतरांनी त्यातूनच टीआरएनएचे तुकडे काढले. तुम्हालाही जुन्या डेटातून नवं शोधता येतं याचा तो दाखला आहे.

डेटा डाउनलोड करण्याआधी मूळ निबंधातला पद्धतींचा भाग वाचा आणि पाच गोष्टी लिहून काढा.

पहिली, कुठलं किट (नमुना यंत्रासाठी तयार करायचा संच) वापरलं. नेहमीच्या किटमध्ये यंत्राला वाचता यावं म्हणून लावायची ठरलेली अक्षरमाला म्हणजे अ‍ॅडाप्टर जोडायला तुकड्याच्या डाव्या टोकावर फॉस्फेट आणि उजव्या टोकावर हायड्रॉक्सिल लागतं. मायक्रोआरएनएची टोकं अशीच असतात, म्हणून ते छान दिसतात. अँजिओजेनिनने कापलेल्या अर्ध्यांची टोकं तशी नसतात, म्हणून त्या यंत्राच्या नजरेतून निसटतात. टी४ पॉलिन्यूक्लिओटाइड कायनेज या एन्झाइमने टोकं दुरुस्त केली होती का, हे शोधा. नसतील केली, तर "या नमुन्यात अर्ध्या नाहीत" असं लिहायचा अधिकार तुम्हाला नाही.

दुसरी, मिथाइल गट काढले होते का. टीआरएनएवर रासायनिक खुणांची गर्दी असते. ५८ व्या जागेवरच्या अ‍ॅडेनिनसारख्या काही खुणा आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतात. एएलकेबी हे एन्झाइम वापरून त्या आधी पुसल्या तर कितीतरी लपलेले तुकडे बाहेर येतात. २०१५ पासून या पद्धती आहेत, आणि २०२१ मध्ये मांडलेली पँडोरा-सिक ही पद्धत टोकांची दुरुस्ती आणि खुणा पुसणं दोन्ही करते. दोन आजारांचे डेटा वेगळ्या पद्धतींनी केलेले असतील तर त्यांची थेट तुलना करू नका, मग मार्गदर्शक कितीही आग्रह करोत.

तिसरी, जेलवर किती लांबीचा पट्टा कापून घेतला. मायक्रोआरएनएसाठी अरुंद पट्टा घेतला असेल तर ३५ चे तुकडे टाकूनच दिलेले असतात.

चौथी, रीड (यंत्राने एका तुकड्यावरून वाचलेली अक्षरांची ओळ) किती लांब आहे. समजा रीड ३६ चा आहे आणि तुकडा ३८ चा. तर रीड संपेपर्यंत अ‍ॅडाप्टर येतच नाही, आणि तुकडा कुठं संपला ते कळत नाही. ५० किंवा त्याहून लांब रीड असलेला डेटा निवडा.

पाचवी, अ‍ॅडाप्टरच्या शेजारी यादृच्छिक अक्षरं आहेत का. काही किटमध्ये तुकड्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार अशी अक्षरं मुद्दाम घातलेली असतात. ती कापली नाहीत तर प्रत्येक टोक चार घरं सरकतं. शेपटीला एएए जोडणाऱ्या किटमध्ये वेगळाच घोटाळा होतो: ती शेपटी काढताना सीसीएमधला शेवटचा 'ए'सुद्धा जातो, आणि सगळे तुकडे सीसीवर संपताना दिसतात.

गॅलक्सीवरचं काम

आपल्याकडे नेट कधी वेगात, कधी बंद. खानापूरच्या पश्चिमेला पावसाळ्यात तर वीजच दिवसदिवस नसते. म्हणून मोठ्या फाइली लॅपटॉपवर उतरवण्याचा हट्ट नको. गॅलक्सी हा विनामूल्य सर्व्हर आहे. अमेरिकेतला किंवा युरोपातला, कुठल्याही एकावर ईमेलने खातं उघडा. नमुन्याचा क्रमांक दिला की तो संग्रहातून फाइल स्वतःच ओढून घेतो, काम त्याच्याच संगणकावर चालतं, आणि तुमचा लॅपटॉप बंद असला तरी थांबत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे सगळं जमतं.

सुरुवात दोनच नमुन्यांनी करा, एक रुग्णाचा आणि एक निरोग्याचा. फास्टक्यूसी चालवून कच्च्या रीड्सचा दर्जा बघा. मग कटअ‍ॅडाप्टने अ‍ॅडाप्टर काढा. ज्या रीड्समध्ये अ‍ॅडाप्टर सापडलाच नाही त्या टाकून देण्याचा पर्याय निवडा, कारण त्यांचं उजवं टोक आपल्याला माहीत नाही. १६ पेक्षा लहान तुकडेही टाका, ते कुठंही जुळतात.

आता थांबा आणि लांबीचा आलेख काढा. मला तर कुठल्याही डेटातलं सर्वांत बोलकं चित्र हेच वाटतं. २२ जवळचं शिखर मायक्रोआरएनएचं. ३० ते ३४ च्या दरम्यान दुसरं शिखर दिसलं तर टीआरएनएच्या डाव्या अर्ध्या असण्याची शक्यता, पण रक्तात वाय आरएनए या दुसऱ्याच एका लहान आरएनएचे तुकडेही याच लांबीचे असतात, म्हणून जुळवणी झाल्याशिवाय नाव देऊ नका. शिखरंच नसतील आणि लहान लांबीकडे नुसता उतार असेल तर नमुना सडलेला असावा. रुग्णाच्या आणि निरोग्याच्या आलेखांचे आकारच वेगळे असतील तर पुढचं सगळं गणित संशयाने बघा.

जुळवणीसाठी थॉमस जेफरसन विद्यापीठाने २०१७ मध्ये आणलेलं मिंटमॅप हे साधन वापरा. विंडोजवर लिनक्सची उपप्रणाली टाकली की ते साध्या लॅपटॉपवर चालतं, कारण आता अ‍ॅडाप्टर काढलेल्या फाइली लहान झालेल्या असतात. माणसाच्या जीनोममध्ये ४०० हून अधिक टीआरएनए जीन्स, मायटोकाँड्रियाचे २२, आणि त्यांच्यासारखे दिसणारे पण टीआरएनए नसलेले कितीतरी भाग विखुरलेले आहेत. नेहमीची जुळवणी साधनं यात चकतात. मिंटमॅप तंतोतंत जुळणारे तुकडेच घेतं आणि टीआरएनएखेरीज इतरत्रही सापडणारे तुकडे वेगळ्या यादीत ठेवतं. ती दुसरी यादी फेकू नका, पण निष्कर्ष पहिलीवरून काढा.

मग पुन्हा कागदाकडे या. सर्वांत जास्त मोजलेले दहा तुकडे तुमच्या हाताने काढलेल्या टीआरएनएवर मांडा. वडगाव-शहापूरचा विणकर कापडाची कड बघून सांगतो की ते कात्रीने कापलंय की ओढून फाटलंय. इथंही तसंच: शेकडो रीड्स एकाच घरावर संपत असतील तर तिथं एन्झाइमने काप घेतलाय. टोकं दहा घरांवर विस्कटलेली असतील तर मृत्यूनंतरची किंवा फ्रीझरबाहेरची मोडतोड असण्याचा संभव जास्त. मेंदूचे नमुने मृत्यूनंतर किती तासांनी घेतले ही माहिती बहुतेक डेटात असते. ती या चित्राशेजारी ठेवून बघाच.

आकडेवारी

कुठला तुकडा रुग्णांत जास्त आणि कुठला कमी हे तपासणारं डीईसिकटू हे आर भाषेतलं साधन गॅलक्सीवरही आहे. त्याला कच्चे मोजलेले आकडे द्या, टक्केवारी किंवा दशलक्षामागे काढलेले नकोत. वय, लिंग, मृत्यूनंतरचा काळ आणि सिक्वेन्सिंगची फेरी (बॅच) हे घटक मॉडेलमध्ये घाला. स्त्री-पुरुष वेगळे करून एकदा तरी बघा, अल्झायमरचं काम त्याशिवाय निघालंच नसतं. हजारो तुकडे एकदम तपासतो तेव्हा नशिबानेच काही खरे वाटतात, म्हणून अनेक तपासण्यांसाठी दुरुस्त केलेली पी व्हॅल्यूच (फरक योगायोगाचा असू शकतो का याचं माप) वाचा. आणि शक्य असेल तर दुसऱ्या गटाच्या स्वतंत्र डेटात तेच तुकडे त्याच दिशेने हलतात का, ते पाहा. बेळगावच्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला वजन येतं ते इथं.

स्वतः नमुने घ्यायचे असतील तर

इथं डॉक्टर मंडळी पुढे यावीत. बेळगावात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जिल्हा रुग्णालय आहे, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक वैद्यक संस्था आहे, आणि कोविडच्या काळात आरटी-पीसीआर करून हात बसलेले तंत्रज्ञ आहेत. पीसीआरवर आधारलेला छोटा अभ्यास इथं अशक्य नाही.

सर्वांत आधी नैतिकता समितीची परवानगी. खुला, नावं काढलेला डेटा वापरत असाल तरी सूट असल्याचं समितीकडून लेखी घ्या. रक्त घेणार असाल तर संमतिपत्र माणसाला कळणाऱ्या भाषेत हवं, असं आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. आपल्या भागात एकाच बाकावर मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसं बसलेली असतात. तिन्ही भाषांतली पत्रं समितीकडून मंजूर करून घ्या, आणि सही घेण्याआधी ते मोठ्याने वाचून दाखवायला त्या भाषेचा माणूस ठेवा. "इथं अंगठा लावा मावशी" एवढ्यावर भागवलेली संमती ही संमती नव्हे.

रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत घ्या. हिरव्या टोपणाच्या नळीतलं हेपारिन पीसीआरला अडवतं. प्लाझ्मा (न गोठलेल्या रक्तातला द्रव) आणि सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) एकाच अभ्यासात मिसळू नका, कारण रक्त गोठताना प्लेटलेटमधून आरएनए बाहेर पडतो. प्लाझ्मासाठी रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा फिरवा, म्हणजे प्लेटलेट राहत नाहीत. प्लाझ्मा गुलाबी दिसला तर तांबड्या पेशी फुटल्यात. डोळ्यांवर विसंबू नका, ४१४ नॅनोमीटरवर शोषण मोजा, किंवा मायक्रोआरएनए ४५१ए आणि २३ए यांची तुलना करा.

आपल्या जिल्ह्याची खरी अडचण आहे अंतराची. अपस्माराचा रुग्ण कणकुंबीहून किंवा अथणीहून येणार, त्याचं रक्त तिथल्या आरोग्य केंद्रात घेतलं तर ते बेळगावात पोचायला वेळ लागणार. निरोगी गट म्हणून आपण घेणार शहरातले विद्यार्थी आणि कर्मचारी, ज्यांचं रक्त पंधरा मिनिटांत फिरवलं जातं. मग दिसणारा फरक आजाराचा नसून रस्त्याचा असतो. उपाय साधा आहे. रुग्णासोबत आलेल्या त्याच गावच्या, त्याच वयाच्या नातेवाइकाचं रक्त त्याच वेळी घ्या, दोन्ही नळ्या एकत्र प्रवास करू द्या, आणि रक्त घेतल्यापासून फिरवेपर्यंतची वेळ मिनिटांत लिहा. नातेवाईक रक्ताचा असेल तर तेही नोंदवा. अपस्मारात शेवटची फिट कधी आली याची वेळ हवीच, ती नसेल तर नमुना निरुपयोगी.

प्रश्नावलीत तंबाखूचा रकाना हवा, आणि फक्त ओढणं-खाणं नको. निपाणी भागात वखारीत पानं हाताळणाऱ्या बायका आहेत, विड्या वळणाऱ्या आहेत. त्यांच्या अंगात निकोटिन हातांतूनही जातं. तंबाखू आणि पार्किन्सन यांचं नातं आधीच गुंतागुंतीचं आहे, त्यामुळे ही नोंद राहिली तर अभ्यास लंगडा पडतो. शेतकरी असेल तर कीटकनाशकं कधीपासून मारतो तेही विचारा.

पीसीआरचा प्राइमर (हवा तो तुकडा धरणारी छोटी अक्षरमाला) बनवताना पुन्हा तीच टोकं. अख्खा टीआरएनए आणि त्याची डावी अर्धी यांची सुरुवात सारखीच, आणि अख्खा टीआरएनए पेशीत कितीतरी पटींनी जास्त. तुकड्याच्या उजव्या टोकाला धरणारा प्राइमर नसेल तर तुम्ही टीआरएनएच मोजत बसाल. निदान काही नमुन्यांवर नॉर्दर्न ब्लॉट (जेलवर आरएनए लांबीनुसार वेगळे करून ओळखण्याची पद्धत) करा, त्यात दोन्ही पट्टे एकाच जेलवर वेगवेगळे दिसतात. मेंदूच्या ऊतीवर काम करायची वेळ आली तर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्थेत मेंदूपेढी आहे, तिथं रीतसर प्रस्ताव द्यावा लागतो.

घरची माणसं विचारतात तेव्हा

तुम्ही हा विषय घेतलात की गावात कळणारच. कुणाचे अण्णा कंपवाताचे, कुणाची बहीण फिटवाली. फोनवर आलेली बातमी दाखवून विचारतील, ही रक्ताची चाचणी कुठं होते?

तेव्हा आकडा समजून सांगा. पार्किन्सनच्या त्या २०२५ च्या चाचणीचा एरिया अंडर कर्व्ह ०.८६ होता. म्हणजे एक रुग्ण आणि एक निरोगी अशी जोडी समोर ठेवली तर शंभरात सुमारे ८६ वेळा रुग्णाचा आकडा जास्त निघतो. ही शोधकामासाठी चांगली गोष्ट आहे. पण समजा एखादी चाचणी ८६ टक्के रुग्ण पकडते आणि ८६ टक्के निरोग्यांना बरोबर सोडते. ती १०,००० ज्येष्ठांवर केली आणि त्यांतल्या १०० जणांना खरोखर आजार असला, तर ८६ पकडले जातील, आणि निरोगी ९,९०० पैकी १,३८६ जणांनाही आजार असल्याचं सांगितलं जाईल. हे गणित त्यांच्यासमोर कागदावर करा. लोकांना ते समजतं.

टीआरएनएच्या तुकड्यांवर बेतलेलं मान्यताप्राप्त औषध आज नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवल्याशिवाय देऊ नका म्हणावं. फिटच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर वेळ बघून लगेच सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठायचं, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. तिथं तुकड्यांची चर्चा नको.

लिहून काढताना

प्रत्येक डेटाबेसने तुकड्यांना आपापली नावं दिली आहेत. एकच तुकडा एका निबंधात ग्लुटामेटची डावी अर्धी असतो, दुसऱ्यात वेगळ्याच क्रमांकाने येतो. म्हणून प्रबंधात आणि भित्तिपत्रकात प्रत्येक तुकड्याची पूर्ण अक्षरमाला द्या, त्याची लांबी द्या, आणि मिंटबेस या तुकड्यांच्या डेटाबेसमधला त्याचा ओळख क्रमांक द्या, जो अक्षरमालेवरूनच बनलेला असतो. कुठल्या टीआरएनएत तो बसू शकतो त्यांची सगळी नावं लिहा, आवडतं एकच नको. किट, टोकांची दुरुस्ती, रीडची लांबी, टाकून दिलेल्या रीड्सची संख्या हे तक्त्यात घाला. गॅलक्सीवर केलेल्या कामाचा संपूर्ण इतिहास एका दुव्याने खुला करता येतो. तो दुवा प्रबंधाच्या पहिल्या पानावर छापा, म्हणजे धारवाडचा किंवा कोल्हापूरचा विद्यार्थी तुमचंच काम तुमच्या आकड्यांवर पुन्हा करून बघू शकेल.